लंडनमधला डॉलर न्यूयॉर्कमध्येच असतो

‘डॉलरचे दिवस भरले’ असा फॉरवर्ड दर महिन्या-दोन महिन्यांनी फिरतो. भविष्य सांगणारे आणि सोनं विकणारे यांचं त्यावर कायम एकमत असतं. अमेरिका नोटा छापते आणि जगात सोडते, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात बहुतेक डॉलर म्हणजे बँकांच्या वह्यांतल्या नोंदी, आणि त्यातल्या कितीतरी वह्या अमेरिकेबाहेरच्या.

हे कसं सुरू झालं, ते आर्थिक इतिहासकार कॅथरीन शेंक यांनी जुनी दप्तरं चाळून दाखवलं. जून १९५५ मध्ये लंडनची मिडलंड बँक ३० दिवसांच्या डॉलर ठेवींवर १.८७५ टक्के व्याज देत होती. अमेरिकेत ‘रेग्युलेशन क्यू’ या नियमामुळे त्या मुदतीला १ टक्क्याची कमाल मर्यादा. ठेवी अर्थातच लंडनला आल्या. पण मिडलंडला हवे होते पौंड.

समजा, १० लाख डॉलर आले. पौंडाला २.८० डॉलर या दराने ते विकले की हातात साधारण ३ लाख ५७ हजार पौंड. त्याच वेळी, ३० दिवसांनी डॉलर परत घेण्याचा फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या व्यवहाराचा दर आजच पक्का. फॉरवर्डमध्ये डॉलर वार्षिक २.१२५ टक्क्यांनी महाग होता. १.८७५ अधिक २.१२५, म्हणजे मिडलंडला पौंड मिळाले ४ टक्के खर्चात. बँक रेट, म्हणजे बँक ऑफ इंग्लंड या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर, होता ४.५ टक्के. अर्धा टक्का सुटला. फॉरवर्ड केला नसता तर? महिन्यात पौंड नुसता अर्धा टक्का घसरला, तरी वार्षिक हिशेबात ६ टक्क्यांचा फटका.

आता गंमत बघा. ठेवीदाराने डॉलर वळते केले ते मिडलंडच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यात. बँकवाले त्याला नोस्ट्रो म्हणतात. न्यूयॉर्कमधली एकूण ठेव तेवढीच राहिली, खातेदाराचं नाव बदललं. लंडनच्या वहीत मात्र १० लाखांचं नवं देणं उभं राहिलं. हेच डॉलर न विकता दुसऱ्या युरोपीय बँकेला ठेव म्हणून दिले, तर तिच्याही वहीत तेवढंच देणं. खाली एकच मडकं, वर देण्यांची उतरंड. हेच युरोडॉलर, युरो या चलनाशी त्याचा संबंध नाही.

बँक ऑफ इंग्लंडने मिडलंडकडे चौकशी केली आणि पुढे काणाडोळा केला. राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासक सुझन स्ट्रेंज यांचा भर नेमका इथे असे: सरकारांनी काय केलं याइतकंच, काय करायचं टाळलं यातूनही बाजार घडतो.

उतरंड कोसळते ती मुदतीच्या गोंधळामुळे. युरोपीय बँकांनी अल्पमुदतीचे डॉलर उचलून अमेरिकेतल्या दीर्घ मुदतीच्या गृहकर्ज रोख्यांत घातले. २००८ मध्ये जुनं कर्ज फेडायला नवं मिळेना. बँक ऑफ इंग्लंड पौंड निर्माण करू शकते, डॉलर नाही. शेवटी फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, स्वॅप लाइन उघडल्या: समोरच्या मध्यवर्ती बँकेचं चलन ठेवून डॉलर द्यायचे, ठरलेल्या दिवशी त्याच दराने उलटा व्यवहार, वर व्याज. डिसेंबर २००८ मध्ये ही रक्कम सुमारे ५८० अब्ज डॉलरवर गेली.

स्वॅप लाइन मिळालेल्यांच्या यादीत १४ मध्यवर्ती बँका होत्या. ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया, सिंगापूर आत; भारत बाहेर. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेसाठी ७५ अब्ज डॉलरच्या स्वॅपची सोय २०१८ मध्ये ठरली, ती जपानशी. त्यातले डॉलर जपानच्या गंगाजळीतले.