हार्डवेअर पत्ता बदलणे (लिनक्स सर्व्हर)

नेटवर्क कार्डाला कारखान्यातून मिळालेला ४८ बिटांचा पत्ता बाजूला ठेवून त्याला दुसरा पत्ता वापरायला लावण्याची क्रिया. या पत्त्याचे पूर्ण नाव मॅक पत्ता. नागपुरात केबलवाल्यापासून कॉलेजातल्या लॅब असिस्टंटपर्यंत सगळे नुसते ‘मॅक’ म्हणतात. लिनक्सवर हे काम दोन-तीन आज्ञांचे आहे आणि त्यात कार्डाला काहीही होत नाही. खरा व्याप पुढे असतो. जुना पत्ता स्विच (यंत्रांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी), राउटर, डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, वाटणारा), परवाना सर्व्हर (सॉफ्टवेअरचे परवाने तपासणारा) आणि इंटरनेट पुरवठादार यांच्या दप्तरी नोंदलेला असतो आणि त्यांपैकी प्रत्येकाची विसरण्याची मुदत वेगळी असते.

पत्त्याची रचना

इथरनेटचा ४८ बिटांचा पत्ता डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली काढलेल्या विनिर्देशात आला. पुढे पत्त्यांचे गट वाटण्याचे काम आयईईई या संस्थेकडे गेले. पत्ता सोळा-आधारी पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ ही चिन्हे वापरून, १२ चिन्हांत लिहितात. त्यांतली पहिली सहा साधारणपणे उत्पादकाची असतात आणि उरलेली सहा त्या उत्पादकाने त्या कार्डाला दिलेली.

पत्ता बदलणाऱ्याने पाहायचे ते पहिल्या बाइटचे शेवटचे दोन बिट. सर्वांत शेवटचा बिट १ असेल तर पत्ता एका यंत्राचा राहत नाही, गटाचा होतो. त्याच्या आधीचा बिट १ असेल तर पत्ता उत्पादकाने दिलेला नसून स्थानिक प्रशासकाने ठेवलेला आहे असे समजतात. चाचणीसाठी कुणी मनाने ११:२२:३३:४४:५५:६६ असा पत्ता टाकला, तर सोळा-आधारी ११ म्हणजे ०००१०००१. शेवटचा बिट १, म्हणून हा गटाचा पत्ता. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, तो घेत नाही आणि ‘मागितलेला पत्ता देता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश देतो. नवशिक्या माणसाला वाटते की कार्डच पत्ता बदलू देत नाही. त्याच जागी ०२ लिहिले की ००००००१० होते, आणि पत्ता बिनतक्रार लागतो. स्वतःच्या मनाचा पत्ता ठेवायचा असेल तर दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी असावे. हे न पाळता शून्य-शून्यने सुरू होणारा कोणताही पत्ता टाकला तरी तो चालतो, पण मग आपण कुठल्या तरी उत्पादकाच्या वाट्याची संख्या वापरत असतो.

ही प्रथा आडवाटेची नाही. १९८० च्या दशकातल्या डेकनेट या डिजिटल कंपनीच्या नेटवर्क-पद्धतीच्या चौथ्या टप्प्यात प्रत्येक यंत्र आपल्या कार्डाचा मूळ पत्ता बाजूला सारून एए:००:०४:०० ने सुरू होणारा, डेकनेट क्रमांकावरून काढलेला पत्ता लावत असे. आजही लिनक्सवर दोन कार्डे एकत्र बांधली (ज्याला बॉन्डिंग म्हणतात) की सर्वसाधारण मांडणीत पहिल्या कार्डाचा पत्ता बाकीच्यांना दिला जातो. कित्येक सर्व्हरांवर पत्ता असा बदललेलाच असतो. मालकाला त्याची कल्पना नसते एवढेच.

लिनक्समधील कार्यपद्धती

कार्डावरच्या एका लहानशा स्मृतिचिपमध्ये मूळ पत्ता लिहिलेला असतो. यंत्र चालू होताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) तो वाचतो, कर्नल त्याची प्रत आपल्याकडे ठेवतो आणि त्यानंतरचा सगळा व्यवहार त्या प्रतीवर चालतो. बदलते ती प्रत. चिपमधला पत्ता सातबाऱ्यावरच्या नावासारखा राहतो. दारावरची पाटी मात्र हवी तेव्हा बदलता येते. म्हणून ‘इथटूल’ला मोठ्या पी या पर्यायासह विचारले तर ते मूळ पत्ता सांगते आणि ‘आयपी लिंक’ चालू पत्ता दाखवते. दोन्ही वेगळे असतील तर ‘आयपी’च्या अलीकडच्या आवृत्त्या मूळ पत्ताही त्याच ओळीत शेवटी छापतात.

क्रम असा: ‘आयपी लिंक सेट’ने जोड (कार्डाची नेटवर्कशी जोडणी) खाली घ्यायचा, म्हणजे बंद करायचा, त्याच आज्ञेच्या ‘ॲड्रेस’ या शब्दापुढे नवा पत्ता द्यायचा, मग जोड वर आणायचा. काही ड्रायव्हर चालू जोडावरही पत्ता बदलू देतात. बाकीचे ‘उपकरण व्यग्र आहे’ म्हणून अडतात. जुन्या पुस्तकांत ‘आयएफकॉन्फिग’ची पद्धत आढळते. ती अजून चालते, पण लिनक्सच्या नव्या वितरणांत (डेबियन, उबुंटू यांसारख्या तयार संचांत) ते साधन आपोआप बसवलेले नसते.

जोड खाली घेताना त्यावरून जाणारे आयपीव्ही४ चे मार्ग कर्नल पुसून टाकतो. जोड वर आला की स्वतःच्या जाळ्याचा मार्ग आपोआप परत येतो. हाताने दिलेला डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या जाळ्याकडे जाण्याचा मार्ग, येत नाही. सर्व्हर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि सांभाळणारा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात बसलेला असेल, तर पहिल्याच आज्ञेला त्याचे एसएसएच (दूरवरून आज्ञा देण्याची जोडणी) तुटते आणि पुढच्या आज्ञा द्यायला मार्गच उरत नाही. त्यामुळे जाणकार सगळ्या आज्ञा, गेटवेसकट, एका स्क्रिप्टमध्ये लिहून ती सत्रापासून सुटी चालवतात आणि दहा मिनिटांनी सगळे पूर्ववत करणारे दुसरे काम ‘ॲट’ने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या आज्ञेने) आधीच लावून ठेवतात. नवा पत्ता लागून जोडणी परत मिळाली की ते दुसरे काम रद्द करायचे. सर्व्हरला वेगळा व्यवस्थापन पोर्ट असेल तर त्यावरून शिरून काम करणे सर्वांत बरे.

मॅक पत्त्यावरून आयपीव्ही६ चा पत्ता काढणारी मांडणी असेल तर तोही बदलतो. फायरवॉलच्या यादीत तो लिहून ठेवला असल्यास ही गोष्ट बहुधा नंतर, तक्रार आल्यावर ध्यानात येते.

बदल टिकवणे

वरील बदल यंत्र पुन्हा चालू होईपर्यंतचा असतो. तो टिकवण्याची जागा वितरणागणिक वेगळी. डेबियनच्या जुन्या पद्धतीत इंटरफेसेस फाइलमध्ये एक ओळ पुरते. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ‘मॅकॲड्रेस’ हा शब्द आहे, नेटवर्क-मॅनेजरमध्ये ‘क्लोन्ड मॅक’ आणि यंत्रातल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘लिंक’ प्रकारची फाइल. रेड हॅटच्या जुन्या फाइलींमध्ये दोन सारखे दिसणारे शब्द होते: ‘एचडब्ल्यूॲडर’ आणि ‘मॅकॲडर’. पहिला कार्ड ओळखण्यासाठी, दुसरा पत्ता लावण्यासाठी. घाईत नवा पत्ता पहिल्यापुढे लिहिला की त्या पत्त्याचे कार्ड यंत्रात सापडत नाही आणि जोड उठतच नाही.

सिस्टमडीच्या फाइलमध्येही तोच धोका वेगळ्या रूपात आहे. कार्ड ओळखण्यासाठी चालू पत्ता दिला तर बदल झाल्यावर ओळख पटेनाशी होऊ शकते. तिथे मूळ पत्त्याचा वेगळा शब्द वापरावा. डेबियन आणि उबुंटूवर या फाइलींची प्रत सुरुवातीच्या बूट-प्रतिमेतही (यंत्र उठताना आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलसंचात) जाते, म्हणून फाइल बदलल्यावर ती प्रतिमा नव्याने तयार करावी लागते. अन्यथा बदल केलेला असूनही यंत्र जुन्याच मांडणीने उठते.

इतरांच्या दप्तरी

स्विच कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे स्वतः शिकतो आणि बऱ्याच स्विचांवर ५ मिनिटे शांतता राहिली की नोंद पुसतो. नवा पत्ता बोलू लागला की तो लगेच शिकला जातो. मात्र पोर्टवर एकच पत्ता चालेल असे बंधन घातले असेल, तर काही मांडण्यांत दुसरा पत्ता दिसताच पोर्ट बंद होतो आणि प्रशासकाने उघडेपर्यंत बंदच राहतो.

शेजारच्या यंत्रांत आयपी कोणत्या मॅकवर आहे याची तात्पुरती यादी असते. ती सगळ्यांकडे एकाच वेळी शिळी होत नाही. सिस्कोच्या राउटरवर ही मुदत मूळ मांडणीत ४ तासांची आहे. त्यामुळे पत्ता बदलल्यावर सर्व्हर आतल्या जाळ्यात दिसतो आणि बाहेरून दिसत नाही, असा घोळ होतो. उपाय म्हणजे सर्व्हरने न विचारता आपला नवा पत्ता जाहीर करणे. ‘आर्पिंग’ हे साधन ते करते. कर्नलमध्येही ‘आर्प नोटिफाय’ नावाची खूण आहे, पण ती मुळात बंद असते.

डीएचसीपीचे वागणे याच्या उलट चकवते. पत्ता बदलला की नवा आयपी मिळेल अशी अपेक्षा असते. पण सिस्टमडी डीएचसीपी सर्व्हरला मॅकऐवजी यंत्राच्या स्वतःच्या क्रमांकावरून तयार केलेली ओळख पाठवते, म्हणून मॅक बदलूनही जुनाच आयपी परत मिळू शकतो. आभासी यंत्राची (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाची) प्रत काढली आणि तो क्रमांक तसाच राहिला, तर वेगळे मॅक असलेली दोन यंत्रे एकाच आयपीसाठी भांडतात. नेटप्लॅनमध्ये ओळख म्हणून मॅकच पाठवा असे सांगण्याची सोय आहे.

आभासी यंत्रांचे पत्ते सॉफ्टवेअरच देते: क्यूईएमयूचे ५२:५४:०० ने, व्हर्च्युअलबॉक्सचे ०८:००:२७ ने, झेनचे ००:१६:३ई ने सुरू होतात. इथे पत्ता पाहुण्या यंत्राच्या आत बदलण्यापेक्षा यजमानाच्या मांडणीत बदलावा. व्हीएमवेअरच्या आभासी स्विचला नेमून दिलेल्यापेक्षा वेगळ्या मॅकने आलेली पाकिटे (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) टाकून देण्याची सूचना देता येते आणि सार्वजनिक क्लाउडमध्ये असे गाळप सर्रास असते. आतून सगळे ठीक दिसते, एकही पाकीट बाहेर पडत नाही.

नागपुरातील वापर

नागपुरात या कामाची गरज मुख्यतः कार्ड जळाल्यावर पडते. मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की गच्चीवरून गच्चीवर आणि खांबावरून खांबावर ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका येतो आणि स्विचचे पोर्ट, मदरबोर्डवरचे लॅन एकदमच जातात. सर्व्हर बाकी धडधाकट असतो. सीताबर्डीतून कार्ड आणून खोचले की काम व्हायला हवे, पण पुरवठादाराने जुना मॅक बांधून ठेवलेला असतो. मग फोन जातो: ‘भाऊ, मॅक रिसेट करून द्या ना जी.’ पलीकडून उत्तर येते की ऑफिस सोमवारी उघडेल. अशा वेळी जळालेल्या कार्डाचा पत्ता नव्या कार्डाला लावणे ही रूढ तोड आहे.

तो पत्ता मिळवणे हेच कधी कधी मोठे काम होते. कार्डावर पांढरी चिटकी असते, तीवर बारकोड आणि १२ चिन्हे. कूलरशेजारच्या दमट खोलीत चार उन्हाळे काढलेल्या चिटकीवर इंग्रजी बी आणि आठाचा अंक, तसेच डी आणि शून्य, वेगळे ओळखू येत नाहीत. अंदाजाने वाचण्यापेक्षा सर्व्हरच्या जुन्या बूट-नोंदींत, डीएचसीपीच्या लीज-फाइलमध्ये (दिलेल्या आयपींच्या नोंदवहीत) किंवा ऑफिसातल्या राउटरच्या यादीत शोधावा. तिथे तो स्वच्छ छापलेला असतो. पत्ता नव्या कार्डाला दिल्यावर जुने कार्ड त्याच जाळ्यात परत येणार नाही हे पाहावे. दुरुस्त होऊन ते दुसऱ्या संगणकात बसले, तर एकच मॅक दोन पोर्टांवर दिसतो, स्विच नोंद इकडून तिकडे हलवत राहतो आणि दोन्ही यंत्रांचे नेट थांबत-थांबत चालते. हा दोष शोधायला फार वेळ लागतो, कारण प्रत्येक यंत्र एकेकटे तपासले की ठीक असते.

दुसरा प्रसंग परवान्यांचा. भारतीय खाण ब्युरो, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांची मुख्यालये नागपुरात आहेत. खाणकाम, नकाशे आणि आरेखन यांवर जगणारी लहानमोठी कार्यालयेही शहरात बरीच. या क्षेत्रांतल्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्सनेटसारखी परवाना-व्यवस्था सर्रास आढळते आणि तिच्या फाइलमध्ये सर्व्हरची ओळख म्हणून बहुधा मॅकच लिहिलेला असतो. कार्ड बदलले की परवाना सर्व्हर उठत नाही. विकत घेतलेला परवाना त्याच यंत्रावर चालू ठेवण्यासाठी जुना मॅक लावणे समजण्यासारखे आहे. तोच मॅक दुसऱ्या यंत्राला देऊन एका परवान्यावर दोन सर्व्हर चालवणे ही उघड चोरी आहे. विक्रेत्याकडून नव्या पत्त्याची फाइल मागवून घेणे हा सरळ मार्ग, आणि देखभाल-करार चालू असेल तर ती बहुधा मिळते.

कायदा आणि मर्यादा

दुसऱ्याची विशिष्ट ओळखखूण अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या वाय-फायवर दुसऱ्याच्या यंत्राचा मॅक लावून शिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. व्यवस्थापकांनीही मॅकच्या यादीला कुलूप समजू नये. जी गोष्ट तीन आज्ञांत बदलते तिच्या भरवशावर दार राखता येत नाही.

लिनक्स उठण्याआधी कार्ड मूळ पत्त्यानेच बोलते. नेटवर्कवरून बूट होणाऱ्या यंत्रांच्या डीएचसीपी यादीत म्हणून मूळ पत्ताच लिहावा लागतो. बंद सर्व्हर दूरवरून जागा करण्याच्या पाकिटात लक्ष्याचा पत्ता १६ वेळा लिहिलेला असतो. तिथेही अनेक कार्डे मूळ पत्त्यालाच प्रतिसाद देतात. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर जागा करणारी स्क्रिप्ट कुठे असेल, तर तिच्यात जुना पत्ता तसाच राहू द्यावा.