निवृत्तांचा गटविमा आणि ‘डोमिसिलरी’ नावाची गाठ

बँकेतून निवृत्त झालेली माणसे ठाण्यात पुष्कळ. गिरगाव-दादरच्या दोन खोल्या सोडून कोणी नौपाडा-चरईत आले, कोणी सिडकोने वाशी-नेरुळ वसवल्यावर खाडीपलीकडे गेले. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे त्यांच्याकडे एक पत्र येते. गटविमा चालू ठेवायचा का, ठेवायचा तर डोमिसिलरीसह (म्हणजे दाखल न होता चालणाऱ्या नियमित औषधोपचारांसह) की डोमिसिलरीविना, आणि टॉप-अप (मूळ विम्याची रक्कम संपल्यावरचे जादा संरक्षण) हवा का, एवढेच त्यात विचारलेले असते. मुदत थोडी असते आणि आकडे मोठे. हे पर्याय असेच का आले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायचे तर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा. योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. १९६२ नंतर वागळे इस्टेट आणि पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले तसा इथला कामगार त्या छत्राखाली आला. वागळे इस्टेटमधले आणि वाशीचे कामगार रुग्णालय त्याचीच खूण. निवृत्तीनंतरची तरतूद तिथे साधी आहे: किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार मिळतात. अडचण वेतनमर्यादेची. २०१७ पासून ती २१,००० रुपये आहे. त्यामुळे नोकरीची शेवटची काही वर्षे पगार वाढला म्हणून योजनेबाहेर पडलेला कामगार निवृत्तीच्या दिवशी विमाधारकच नसायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही अट काही प्रमाणात सैल करण्याचा निर्णय झाला. रेल्वेत १९९७ च्या योजनेनुसार शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाएवढी रक्कम एकदा भरली की झाले. केंद्र सरकारच्या निवृत्तांना दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आयुष्यभराचे कार्ड घेता येते. या सगळ्यांत पैसे एकदा भरून किंवा नाममात्र भरून माणूस मोकळा होतो.

बँकवाल्यांचे तसे झाले नाही. नोकरीत असताना रुग्णालयाचा खर्च बँक द्यायची आणि निवृत्तीच्या दिवशी ते थांबायचे. काही बँकांनी आपापल्या निवृत्तांसाठी वेगळे गटविमे काढले होते, पण उद्योगभर एक व्यवस्था नव्हती. ती आली २५ मे २०१५ च्या वेतनकराराने. नोकरीतल्यांसाठी कुटुंबाला मिळून अधिकाऱ्यांना चार लाख आणि इतर कर्मचाऱ्यांना तीन लाखांचे संरक्षण ठरले, खोलीभाडे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत, अतिदक्षता विभागाचे ७,५०० पर्यंत. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले गेले. साठीच्या माणसासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट होती, कारण बाजारातल्या वैयक्तिक पॉलिसीत मधुमेह सांगितला की तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबावे लागे.

निवृत्तांना आणि त्यांच्या जोडीदारांना याच धर्तीची पॉलिसी १ नोव्हेंबर २०१५ पासून खुली झाली, पण हप्ता त्यांनी स्वतः भरायचा होता. वादाचे मूळ इथे आहे. नोकरीतल्यांचा हप्ता बँक भरते, म्हणजे तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या माणसाचा हप्ता ज्या महिन्यात त्याचे उत्पन्न निम्म्यावर येते त्याच महिन्यापासून त्याच्या अंगावर पडतो. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की करार सेवेतल्यांशी होतो, निवृत्तांशी नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, पण निवृत्तांचा सल त्या उत्तराने गेलेला नाही, आणि जायला नकोही होता.

दुसरी गोष्ट मुदतीची. २०१५ मध्ये पर्याय देण्यासाठी मिळालेले दिवस मोजके होते. अनेक जण गप्प राहिले, त्यामागे पेन्शनचा अनुभव होता. १९९५ च्या पेन्शन नियमांच्या वेळी ज्यांनी भविष्य निर्वाह निधीच ठेवला, त्यांना २०१० च्या करारात दुसरी संधी मिळाली होती. निवृत्तांना बँकेच्या वाट्याचा निधी आणि त्यावर ५६ टक्के जादा परत करावे लागले, पण दार पुन्हा उघडले. विम्याचेही तसेच होईल, असे लोकांनी धरले. विम्यात मात्र उशिरा येणारा म्हणजे बहुधा आजारी पडल्यावर येणारा असे धरतात, त्यामुळे नंतर आत घेण्याची हमी कोणीच दिलेली नव्हती.

आता ‘डोमिसिलरी’. या एका शब्दाने जेवढी चुकीची खूण करायला लावली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये आला. त्या वळणाच्या पॉलिसींमध्ये हा शब्द येतो तो असा: रुग्णाला खरे तर दाखल करायला हवे, पण त्याला हलवता येत नाही किंवा खाटच मिळत नाही, म्हणून तीन दिवसांहून जास्त घरीच उपचार केले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटेसाठी वणवण झाली तेव्हा हा अर्थ लोकांना नीट उमगला. शिवाय त्या कलमाखाली वगळलेल्या आजारांची यादी असे. दमा, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, संधिवात, मानसिक आजार हे त्यात ठरलेले.

बँकांच्या करारात शब्द तोच राहिला आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला. तिथे डोमिसिलरी म्हणजे ठरावीक आजारांवर, दाखल न होता, बाहेरून चालणारे उपचार: औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी. यादीत मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, अपस्मार, काचबिंदू, पार्किन्सन, मानसिक आजार. जुन्या मेडिक्लेमने जे दाराबाहेर ठेवले होते तेच इथे नाव घेऊन आत घेतले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुदत लिहिली नसेल तर ती चिठ्ठी ९० दिवस ग्राह्य, असाही तपशील आहे. त्यावरूनच दिसते की हे कलम महिन्याच्या औषधांसाठी लिहिलेले आहे.

घोळ दोन्ही बाजूंनी होतो. घराजवळ चार रुग्णालये आहेत, घरी ठेवून उपचार कशाला, असे म्हणून कोणी ‘विना’वर खूण करतो आणि मग इन्सुलिनची बिले परत येतात. दुसरा घाबरून ‘सह’ घेतो, कारण त्याला वाटते की एरवी शस्त्रक्रियेनंतरची औषधेही मिळणार नाहीत. ती मिळतात. दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ९० दिवस हे रुग्णालयाच्याच खर्चात धरलेले आहेत. मोतीबिंदू, डायलिसिस यांसारखे एका दिवसाचे उपचारही दाखल झाल्यासारखेच मोजतात. ‘बाहेरची नियमित औषधे’ एवढे तीन शब्द त्या पत्रात लिहिले असते तरी पुष्कळांचा निर्णय वेगळा झाला असता.

डोमिसिलरीविना हा पर्याय मुळात नव्हता. पहिल्याच नूतनीकरणापासून हप्ता चढू लागला, कारण गटात सगळे साठीपुढचे, सगळ्यांना काही ना काही, आणि तरुण सहकाऱ्यांचा हप्ता या हिशेबात येत नाही. म्हणून पुढे स्वस्त पर्याय काढला गेला. ज्यांना रोजची गोळी नाही ते तिकडे वळले, उरले ते औषधांवर चालणारे. त्यामुळे ‘सह’चा हप्ता आणखी वाढला आणि वाढलेल्या हप्त्याने आणखी काही जण बाहेर पडले. निवृत्तांचा गट सेवेतल्यांपासून वेगळा काढला तेव्हाच हे ठरून गेले होते.

मधल्या काळात बाहेरचे नियम बदलले. २०११ पासून वैयक्तिक पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येऊ लागली. गटविमा सोडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्गही विमा नियामकाने ठेवला. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आणि ६५ नंतर नवी पॉलिसी नाकारण्याचा वयाचा आधार गेला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावे, असे ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. गटविम्याला ती सूट नाही. निवृत्त माणूस सगळा हप्ता स्वतःच्या खिशातून भरतो, तरी पॉलिसी गटाची म्हणून कर त्याच्याकडून घेतला जातो.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता आयुष्मानचे पाच लाखांपर्यंतचे कार्ड मिळते. केंद्राच्या आरोग्य योजनेतल्या निवृत्तांना दोन्हींपैकी एक निवडावे लागते. बँक निवृत्तांना गटविमा ठेवून कार्डही घेता येते. म्हणून आता ठाण्यात नवा प्रश्न विचारला जातो: कार्ड आले, मग डोमिसिलरी सोडली तर चालेल का? कार्ड दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे, घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंत. महिन्याचे इन्सुलिन त्यात येत नाही.