‘सी फॉरमॅट करा, डी राहू द्या’ असं सांगण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“सी फॉरमॅट करून विंडोज नवीन टाका, डीला हात लावू नका.” कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवताना बहुतेक जण एवढंच सांगून जातात. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ असतो: सीमध्ये विंडोज, डीमध्ये आपलं काम. अडचण पुढे येते. विंडोजचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं, की ड्राइव्ह निवडायच्या पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं नसतातच. तिथे ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १’, ‘ड्राइव्ह १, पार्टिशन २’ अशी यादी असते (पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक भाग), शेजारी आकाराचे आकडे असतात आणि जवळच डिलीट व फॉरमॅट ही दोन बटणं. तुमच्या मुलांचे फोटो यातल्या कोणत्या ओळीत आहेत, हे तो पडदा सांगत नाही.

घरी स्वतः विंडोज टाकणार असाल तर हे पत्रक शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे देणार असाल तरी वाचा, कारण कोणत्या ड्राइव्हमध्ये काय ठेवलंय हे तुमच्याशिवाय कोणालाच पक्कं ठाऊक नसतं.

अक्षरावर विसंबू नका

सी, डी, ई ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात. चालू असलेलं विंडोज ती आपल्या सोयीनं देतं आणि आपल्याच नोंदवहीत लिहून ठेवतं. पेनड्राइव्हवरून सुरू होणारं विंडोज वेगळं असतं. ते स्वतःसाठी एक्स हे अक्षर घेतं आणि बाकीच्यांना नव्यानं अक्षरं वाटतं. त्यामुळे तुमचा नेहमीचा सी तिथे डी झालेला असू शकतो, आणि तुमचा डी सी. इन्स्टॉलरमधून, म्हणजे विंडोज टाकणाऱ्या या प्रोग्रॅममधून, काळी कमांडची खिडकी उघडून, मोबाइलवर वाचलेली ‘सी फॉरमॅट’ची आज्ञा तिथे टाइप करणं म्हणूनच फार धोक्याचं आहे. टाइप करायचंच असेल तर आधी त्या अक्षराच्या आत कोणती फोल्डरं आहेत ती उघडून पाहा.

क्रमांकाचंही तसंच. ‘ड्राइव्ह ०’ म्हणजे विंडोजचाच ड्राइव्ह असेल असं नाही. डिस्क मदरबोर्डच्या कोणत्या पोर्टला जोडली आहे आणि मशीनला ती कोणत्या क्रमानं सापडली यावर तो क्रमांक ठरतो.

सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत की दोन?

हे मशीन बंद करण्याआधी, जुनं विंडोज चालू असतानाच बघून ठेवा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसेल. सी आणि डी एकाच पट्टीत असतील तर तुमची डिस्क एकच आहे आणि ते तिचे दोन भाग आहेत. वेगळ्या पट्ट्यांत असतील तर डिस्क दोन आहेत. या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

विंडोज टाकायला शिकवणारे बरेच व्हिडिओ ‘सगळी पार्टिशनं डिलीट करा आणि नेक्स्ट दाबा’ असं सांगतात. दोन स्वतंत्र डिस्क असतील आणि निवडलेली डिस्क विंडोजचीच असेल तर ते ठीक. पण सी आणि डी एकाच डिस्कवर असताना तसं केलं तर डीसुद्धा त्याच दमात जातो. अशा मशीनवर फक्त सीचं पार्टिशन फॉरमॅट करा आणि तेच निवडून पुढे जा. त्याच पट्टीत १०० एमबीच्या आसपासचं एक आणि काहीशे एमबीचं आणखी एखादं छोटं पार्टिशन दिसेल. इन्स्टॉलरच्या यादीत १६ एमबीचंही एक असतं. ती मशीन सुरू करण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी लागतात, तुमच्या फाइली त्यांत नसतात. त्यांना तसंच राहू द्या.

आकार वाचायला शिका

यादीत ओळख पटवण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे आकार. फक्त खोक्यावर छापलेला आकडा पडद्यावर दिसत नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५, ५१२ ची ४७६, २५६ ची २३८, २४० ची २२३ आणि २ टीबीची साधारण १८६३. हा फरक माहीत नसल्यामुळे ‘माझी तर १ टीबीची आहे, ही ९३१ वाली दुसरीच दिसते’ असं समजून तीच पुसून टाकलेली आम्ही पाहिली आहे.

पार्टिशनला नाव देऊन ठेवलं तर काम आणखी सोपं होतं. ‘धिस पीसी’मध्ये डीवर राइट क्लिक करून ‘रीनेम’ निवडा आणि डेटा, फोटो असं काही लिहा. इन्स्टॉलरच्या यादीत हे नाव पार्टिशनच्या क्रमांकाला जोडून दिसतं. तिथे अक्षरं नीट उमटावीत म्हणून नाव रोमन लिपीत द्या. आणि डिस्क मॅनेजमेंटच्या त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. इन्स्टॉलरची यादी समोर आली की हा फोटो शेजारी धरून ओळी जुळवायच्या. आमच्याकडे रोज हेच काम करणारी मुलंसुद्धा असंच करतात.

दुसरी डिस्क काढून ठेवा

आकार, नाव, फोटो या सगळ्या खुणा झाल्या. पण आमचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: जी डिस्क पुसायची नाही, ती मशीनमध्ये जोडलेलीच ठेवायची नाही.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक डेस्कटॉप आला होता. त्यात दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन्ही १ टीबीच्या. इन्स्टॉलरच्या यादीत दोन ओळी, दोन्हींपुढे ९३१. आमच्या माणसानं पहिली ओळ निवडली. विंडोज व्यवस्थित बसलं आणि मशीन सुरू झालं. मग दुसरी डिस्क उघडून पाहिली तर तिच्यात जुनं विंडोज जसंच्या तसं होतं, आणि ग्राहकाचं आठ वर्षांचं काम पुसलेल्या डिस्कवर होतं. बऱ्याच फाइली परत मिळाल्या, पण त्यांची नावं आणि फोल्डरं गेली होती. हजारो फाइलींचा एकच ढीग. त्या गृहस्थांनी तो कित्येक महिने बसून लावला. त्यांची माफी आम्ही मागितली, पण त्यांचे ते महिने आम्हाला परत देता आले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर दुसरी डिस्क जोडलेली ठेवून विंडोज टाकलं जात नाही.

डेस्कटॉप असेल तर मशीन बंद करा, वायर भिंतीतल्या बोर्डातून काढा, बाजूचं पत्र्याचं झाकण उघडा आणि डेटाच्या डिस्कची पातळ केबल ओढून काढा. काढण्याआधी ती कोणत्या पोर्टला होती त्याचा फोटो घ्या. लॅपटॉपमध्ये खालचं झाकण उघडावं लागतं, आणि काही मॉडेलमध्ये त्याचे खाचे नाजूक असतात. हाताला सवय नसेल तर ते आमच्याकडे सोडा.

याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं, तर मशीन सुरू करणारा छोटा भाग कधी कधी दुसऱ्या डिस्कवर आधीच असलेल्या पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. तेव्हा काही कळत नाही. वर्षभरानं ती जुनी डिस्क काढली की नव्या डिस्कवरचं विंडोज सुरूच होत नाही.

बाहेरून जोडलेल्या गोष्टींनाही हेच लागू. बॅकअपची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, इतर पेनड्राइव्ह सगळं काढा. बॅकअप घेतल्यावर ती हार्ड डिस्क तशीच लटकत राहते आणि यादीत तीही एक ओळ होऊन बसते.

एकच ड्राइव्ह दिसतोय म्हणजे तोच, असं नाही

ही फसगत अलीकडे वाढली आहे. अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजसाठी लहान एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) आणि फाइलींसाठी मोठी हार्ड डिस्क असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनमध्ये एसएसडीवर व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉलरला एसएसडी सापडतच नाही. यादीत उरते फक्त हार्ड डिस्क. माणसाला वाटतं, एकच तर आहे, निवडायचं काय? आणि नेमकी फाइलींची डिस्क पुसली जाते.

यादीतला आकार तुमच्या फोटोतल्या विंडोजच्या डिस्कशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’नं तो दाखवा. एसएसडी यादीत येते.

पेनड्राइव्ह बनवतानाही

विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह मागतं आणि त्यातलं सगळं पुसतं. तेव्हा दोन पेनड्राइव्ह लावलेले असतील तर चुकीचा निवडला जाऊ शकतो. रूफस हे टूल बाहेरच्या हार्ड डिस्क मुद्दाम लपवून ठेवतं. ती सुरक्षा आहे, त्या डिस्क दाखवण्याची खूण चालू करू नका.

पेनड्राइव्हशिवाय, सेटिंगमधल्या ‘रीसेट धिस पीसी’नं काम करणार असाल तर एक प्रश्न नीट वाचा. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर, मशीनमध्ये एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, हे विचारलं जातं. सगळे निवडलेत तर डीही जाणार.

‘क्लीन’ ही आज्ञा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायला बरेच जण येतात. जुन्या डिस्कवर त्यांना एक अडथळा भेटतो: ही डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) आहे, इथे विंडोज बसणार नाही. शोधल्यावर उत्तर मिळतं की डिस्कपार्ट हे कमांडनं चालणारं विंडोजचं साधन उघडा, डिस्क निवडा आणि ‘क्लीन’ लिहा. एक लक्षात ठेवा: ‘क्लीन’ लिहून एंटर मारलं की ‘नक्की का?’ असं कोणी विचारत नाही. त्या डिस्कवरच्या सगळ्या पार्टिशनांची नोंद क्षणात जाते. डिस्क निवडताना शून्याच्या जागी एक लिहिला गेला तर दुसरीच डिस्क जाते. विंडोजमध्ये एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, ते विंडोजची डिस्क न पुसता तिची पद्धत बदलतं. बॅकअप घेऊन आधी ते वापरून पाहा.

बरोबर ड्राइव्ह पुसला, तरीही

“सीमध्ये माझं काही नाही” हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सीमध्येच असते. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सही. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची मेलची फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, वेगळे टाकलेले फॉन्ट हेही बहुधा सीमध्येच. सीमधलं ‘यूझर्स’ फोल्डर उघडा, आपल्या नावाचं फोल्डर पाहा आणि ते सगळंच्या सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. वनड्राइव्ह वापरत असाल तर ढगाची खूण असलेल्या फाइली मशीनवर नसतात, खाली उतरवल्याशिवाय त्या कॉपी होणार नाहीत. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसता फोल्डरचा आकार पाहून समाधान मानू नका.

डीवर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आणखी एक गोष्ट. रोज तो आपोआप उघडत असेल तर त्याची किल्ली सीमधल्या विंडोजकडे असते. सी पुसलं की किल्ली गेली. नवीन विंडोजमध्ये डी कुलूपबंद दिसेल आणि पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती की नसेल तर आम्हीही तो उघडू शकत नाही. म्हणून सेटिंगमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती आधीच कागदावर उतरवा.

चूक झालीच तर

चुकीचा ड्राइव्ह पुसला गेला हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी मशीन बंद करा. नवीन विंडोज टाकू नका, त्यात काही कॉपी करू नका, फाइली परत आणणारं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवू नका. क्विक फॉरमॅटनं फाइलींची यादी नवी होते, जुन्या फाइलींचा मजकूर हार्ड डिस्कवर तसाच पडून असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीत तेवढी सवड मिळत नाही, कारण ट्रिम या सोयीमुळे ती मोकळ्या जागा स्वतःच साफ करत जाते. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल तर विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं आणि मग काही उरत नाही. तेव्हा घाईनं पाच उपाय करण्यापेक्षा डिस्क आहे तशी घेऊन या.

मशीन आमच्याकडे देताना

एका कागदावर तीन गोष्टी लिहून मशीनला चिकटवा: काय पुसायचं, काय अजिबात पुसायचं नाही आणि कोणतं सॉफ्टवेअर परत हवं. ‘डी राहू द्या’ऐवजी ‘९३१ जीबीच्या डिस्कवरचं फोटोंचं फोल्डर’ असं लिहिलंत तर आम्हाला जास्त कळतं. काम सुरू करण्याआधी आम्ही डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवू आणि पुसायच्या पार्टिशनभोवती लाल गोल करू. तुमचं उत्तर येईपर्यंत मशीन तसंच थांबेल, मग त्याला एक दिवस जास्त लागला तरी चालेल.