बॉयलरची तपासणी व देखभाल (साखर कारखाने)

पाण्याची वाफ करून ती दाबाखाली साठवणारे बंद पात्र म्हणजे बॉयलर. सरकारी कागदांत त्याला ‘बाष्पक’ म्हणतात, कारखान्यात मात्र सगळे बॉयलरच म्हणतात. साखर कारखान्यात त्यात बगॅस (ऊस पिळल्यावर उरलेला चोथा) जळतो आणि गाळपाची यंत्रे, वीजनिर्मिती, रस आटवणे हे सारे त्याच्या वाफेवर चालते. जुन्या कारखान्यांत दाब साधारण 21 ते 45 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे. सहवीजनिर्मितीचे (त्याच वाफेवर साखरेबरोबर वीजही बनवणारे) नवे बॉयलर 67, 87 किंवा 110 वर चालतात. मोकळ्या हवेत एक लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते. त्यामुळे पात्र फाटले की आतले तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर झेपावते.

कोलकात्यात 1863 मध्ये अशाच एका स्फोटात अनेक जण दगावले आणि 1864 मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. 1923 च्या भारतीय बाष्पके अधिनियमाने देशभर एकच चौकट आणली : नोंदणी, बॉयलर थंड व रिकामा करून आतून-बाहेरून पाहणी, दाबचाचणी, आणि ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र. अपघात झाल्यास 24 तासांत कळवणे बंधनकारक झाले आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढल्यास वाफ बाहेर सोडणारी झडप) निकामी करणे गुन्हा ठरला. संसदेने 2025 मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसाची अवस्था सांगते. पुढचे महिने बॉयलर सांभाळायचा असतो तो पाळीवरच्या माणसांनी.

त्यांची पहिली नजर गेज ग्लासवर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर असते. ड्रममधले (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या पिंपातले) पाणी कमी झाले की उघड्या पडलेल्या ट्यूब तापतात, फुगतात आणि फाटतात. गेजची खालची वाट गाळाने तुंबली असेल तर काचेत पाणी दिसते आणि ड्रममध्ये ते नसते. म्हणून प्रत्येक पाळीत निचऱ्याचा कॉक उघडून काच रिकामी करतात आणि पाणी झटकन परत चढते का ते पाहतात. काचेत पाणी दिसेनासे झाले तर आधी बगॅस बंद करायचा. घाबरून गार पाणी सोडणे ही सर्वांत घातक चूक, कारण तापलेल्या धातूवर ते पडताच दाब उसळतो आणि धातू तडकतो.

साखर कारखान्याचा खास शत्रू म्हणजे साखरच. रस आटवणाऱ्या पॅन व इव्हॅपोरेटरमधून परतणारे गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) बॉयलरला पाजले जाते. एखादी ट्यूब गळली की रस त्यात मिसळतो. बॉयलरच्या उष्णतेत साखर विघटून आम्ल तयार होते, पाणी फेसाळते, ट्यूबना काजळीचा थर बसतो. प्रयोगशाळेत परीक्षानळीत नमुना घेऊन अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि कडेने तीव्र गंधकाम्ल सोडतात; जांभळे कडे उमटले की ते पाणी तत्काळ तोडायचे. ही चाचणी काही मिनिटांची आहे. ती चुकली तर फाटलेल्या ट्यूबसाठी गाळप थांबते, ऊस वाळतो आणि शेतकऱ्याच्या उसाचे वजन घटते. पाण्यातले क्षार व विरघळलेला ऑक्सिजन हेही तितकेच वाईट : क्षारांचा थर उष्णता अडवतो, ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो. त्यांवर उपाय म्हणजे पाणी मृदू करणे, डीएरेटर (पाण्यातला ऑक्सिजन काढणारे यंत्र) आणि नियमित ब्लोडाऊन (क्षार-गाळाचे पाणी बाहेर सोडणे).

भट्टीकडेही तितकेच लक्ष लागते. उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील औष्णिक वीज केंद्राच्या 500 मेगावॉटच्या संचात 1 नोव्हेंबर 2017 रोजी झालेल्या दुर्घटनेत चाळीसहून अधिक कामगार दगावले. तिथे भट्टीच्या तळाशी राखेची ढेकळे साचली होती. तिथला बॉयलर कोळशाचा असला, तरी साचलेली राख चालू भट्टीत हात घालून काढायची नाही हा धडा बगॅसच्या भट्टीलाही लागू आहे. बगॅसची राख वाळूमिश्रित असल्याने ट्यूब घासून पातळ करते. म्हणून हंगाम संपल्यावर अल्ट्रासॉनिक उपकरणाने जाडी मोजून झिजलेल्या ट्यूब बदलतात.

बंद काळात बॉयलर कोरडा करून आत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवतात, किंवा ऑक्सिजन शोषणारे रसायन घालून पाण्याने काठोकाठ भरतात. अर्धवट ओला राहिलेला बॉयलर पावसाळ्यात गंजतो. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन (हंगामासाठी भट्टी पेटवणे) होते. नव्या वीटकामातला ओलावा हळूहळू निघावा म्हणून सुरुवातीला आग मंद ठेवतात आणि दाब सावकाश चढवतात. त्या दिवसांतच सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतो का, हेही पाहून घेतले जाते.