आहे तीच विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये: पार्श्वभूमी

ड्युअल बूट केलेल्या, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवलेल्या संगणकावर लिनक्स चालू असताना विंडोज डिस्कवर नुसती पडून असते. एखाद्या टॅलीच्या फाइलसाठी सगळे बंद करून रीस्टार्ट मारण्यापेक्षा तीच विंडोज, पुन्हा इन्स्टॉल न करता, लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) उठवावी ही कल्पना तशी जुनी. ती अडत राहिली, कारण एकदा बसवलेली सिस्टिम आपल्या हार्डवेअरला चिकटून बसते.

मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांवर, हा प्रश्न फारसा नव्हता. आयबीएमने १९७२ साली जाहीर केलेल्या व्हीएम/३७० मधले व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सिस्टिम/३७० ची जवळपास हुबेहूब प्रत. जुन्या सिस्टिमची डिस्क त्याला तशीच जोडून द्यायची, की काम सुरू.

पीसीवर १९९९ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हीएमवेअर आले तेव्हा मामला वेगळा झाला. तुमच्या मदरबोर्डवर काहीही असो, आतल्या सिस्टिमला दिसायचा तो ठरलेला संच: इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, एएमडीचे पीसीनेट नेटवर्क कार्ड. खरी डिस्क थेट जोडायची सोय सुरुवातीच्याच आवृत्त्यांत होती, पण अशी विंडोज उठायची ती परक्या घरात. विंडोज सुरू करून देणारा लोडर बायोसच्या (मशीनमधल्या मूळ प्रोग्रामच्या) मदतीने डिस्क वाचतो, म्हणून पहिला टप्पा सुरळीत पार पडतो. मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ताबा घेतो, स्वतःचा डिस्क ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्राम) शोधतो, आणि या नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या यादीत नसतोच. ज्या डिस्कवरून सिस्टिम इथवर आली, तीच आता तिला दिसत नाही. निळा पडदा, स्टॉप ७बी. हा आकडा कित्येकांना पाठ झाला असेल.

यावर तोडगे निघाले ते बहुतेक जुगाडच. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) सर्वसाधारण आयडीई डिस्कचे ड्रायव्हर आधीच चालू करून ठेवायचे. विंडोज २००० आणि एक्सपीत दोन हार्डवेअर प्रोफाइल करायचे, एक खऱ्या मशीनसाठी, एक व्हर्च्युअलसाठी. त्यात २००१ साली एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत त्या मशीनशी बांधून घेण्याची मायक्रोसॉफ्टची पडताळणी, आले. मशीन बदलल्याचा संशय आला की विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगणार, आणि इथे तर मशीन रोजच बदलत होते.

हे सगळे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आणले ते मॅकने. एप्रिल २००६ मध्ये ॲपलने बूट कॅम्पची बीटा आवृत्ती दिली आणि मॅकवर खरीखुरी विंडोज बसू लागली. पॅरलल्स आणि पाठोपाठ व्हीएमवेअर फ्यूजन हे प्रोग्राम तेच बूट कॅम्प पार्टिशन (विंडोजसाठी राखलेला डिस्कचा भाग) मॅकच्या आत चालवू लागले. ड्रायव्हर घालण्याची खटपट आता प्रोग्रामच करी. व्हर्च्युअलबॉक्स या अशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये मात्र कमांड देऊन एक छोटी व्हीएमडीके फाइल बनवावी लागते. तिच्यात विंडोजचा डेटा नसतो, खऱ्या पार्टिशनकडे बोट दाखवलेले असते. ते बोट चुकून चालू असलेल्या लिनक्सच्याच पार्टिशनकडे गेले तर एकाच फाइल सिस्टिमवर दोघे एकदम लिहितात आणि डेटाचा बट्ट्याबोळ होतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ही जोखीम टाळून अख्ख्या डिस्कची प्रत काढून ती व्हर्च्युअल मशीनला देण्याचा रस्ता धरला. २००९ चे डिस्क२व्हीएचडी हे प्रत काढणारे साधन त्याच वळणाचे.

बसवलेले लिनक्स असे व्हर्च्युअल मशीनमध्ये उठवायचे तर ओझे हलके, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. तरी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी गाठोडी) फक्त त्याच मशीनपुरती बनवलेली असेल तर तिथेही बूट अडते.

विंडोज ८ ने २०१२ मध्ये नवी मेख मारली: फास्ट स्टार्टअप. ‘शट डाउन’ म्हटले तरी कर्नल खरा बंद होत नाही, हायबरनेट होतो (आपली स्थिती डिस्कवर साठवून झोपतो), आणि जुन्या हार्डवेअरची आठवण डिस्कवर तशीच राहते. म्हणून आजही आधी फास्ट स्टार्टअप बंद करायचे, विंडोज पूर्ण बंद करायची आणि मगच ते पार्टिशन व्हर्च्युअल मशीनला द्यायचे.