बालदंतोपचारातील गुंगी आणि पालकांचे समाधान

उपचाराला घाबरणाऱ्या, खुर्चीत स्थिर बसू न शकणाऱ्या किंवा एकाच बैठकीत बऱ्याच दातांचे काम करून घ्यायचे असलेल्या मुलाला औषधाने शांत करण्याच्या पद्धतीला गुंगी किंवा सिडेशन म्हणतात. तिचे यश दंतवैद्य एका मापाने मोजतो, पालक दुसऱ्या. ठरलेले काम पूर्ण झाले आणि रक्तातील ऑक्सिजन घसरला नाही, की दंतवैद्याच्या लेखी बैठक यशस्वी. पालक पाहतात ते वेगळेच: मूल किती रडले, त्याला धरून ठेवावे लागले का, रात्री ते कसे वागले. म्हणून पालकांचे समाधान स्वतंत्रपणे नोंदवले जाते.

गुंगीचे सौम्य, मध्यम आणि खोल असे टप्पे मानतात. त्यापुढे पूर्ण भूल. दवाखान्यात बहुधा पहिले दोनच वापरतात. मध्यम गुंगीतले मूल हाकेला किंवा हलक्या थोपटण्याला प्रतिसाद देते आणि रडूही शकते. बहुतेक नाराजीचे मूळ इथे आहे. ‘औषध दिले की मूल झोपेल’ अशी समजूत घेऊन आलेल्या आईवडिलांना सुई टोचताना आलेली किंकाळी म्हणजे औषध लागू पडले नाही असे वाटते. प्रत्यक्षात मिडाझोलाम हे गुंगीचे औषध घेतलेल्या मुलाला ती घटना पुढे बहुधा आठवत नाही. आठवण राहते पालकांना. हे आधी सांगितले असेल तर तेच रडणे पालक बरेच सहज स्वीकारतात.

सर्वांत सौम्य पद्धत नायट्रस ऑक्साइड या वायूची. नाकावरच्या मास्कमधून आधी शंभर टक्के ऑक्सिजन देतात, मग नायट्रस पाच ते दहा टक्क्यांनी वाढवत साधारण ३० ते ५० टक्क्यांवर नेतात. शेवटी पुन्हा किमान पाच मिनिटे निव्वळ ऑक्सिजन. परिणाम काही मिनिटांत ओसरतो आणि मूल चालत घरी जाते, त्यामुळे पालकांना ही पद्धत आवडते. मात्र नाक चोंदलेले असेल किंवा मूल तोंडाने श्वास घेत रडत असेल तर वायू पोहोचतच नाही. नुकतीच कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला तो देत नाहीत. फार लहान, मास्क लावूच न देणाऱ्या मुलांत ही पद्धत फसते, आणि नेमक्या त्याच मुलांना गुंगीची गरज जास्त असते.

तोंडावाटे मिडाझोलामची मात्रा किलोमागे ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम, १५ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम. औषध कडू असते, म्हणून सरबतात मिसळून देतात. गुण यायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि कामाला जेमतेम पाऊण तास मिळतो. मुलाने औषध थुंकले तर किती पोटात गेले हे कळत नाही, म्हणून अंदाजाने पुन्हा मात्रा देणे धोक्याचे. बैठक पुढे ढकलावी. काही मुलांत उलटा परिणाम होतो: ती शांत होण्याऐवजी चिडतात, हातपाय झाडतात. नाकात फवाऱ्याने दिलेले मिडाझोलाम लवकर लागू पडते, पण जळजळते. नाकातून दिलेले डेक्समेडेटोमिडीन हे दुसरे गुंगीचे औषध जळजळत नाही, मात्र गुण यायला अर्धा तास किंवा जास्त लागतो आणि नाडी मंदावते.

उपाशी ठेवण्याबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास, आईचे दूध चार तास, गायी-म्हशीचे वा डब्याचे दूध आणि हलके खाणे सहा तास आधी बंद. ‘फक्त अर्धा कप दूध दिले’ हे ऐकून बैठक रद्द करावी लागते आणि रजा काढून आलेले पालक चिडतात. लेखी सूचनेत घड्याळातली वेळ लिहावी. ‘इतके तास आधी’ एवढ्याने भागत नाही.

बधिर करायच्या औषधाची मात्राही वजनावरच ठरते. लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरली, तर १५ किलोच्या मुलाला दोन टक्क्यांचे द्रावण ३.३ मिलिलिटरच्या वर देता येत नाही. एकाच बैठकीत तोंडाच्या चारही बाजूंचे काम उरकण्याचा आग्रह या आकड्याला अडतो. पालकांना हे समजले की दुसरी बैठक अनाठायी वाटत नाही.

पालकांचे मत खरे घडते ते घरी. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मूल तो चावून घेते. दुसऱ्या दिवशीची सूज पाहून संसर्ग झाला असे वाटते. मूल अडखळते, चिडचिड करते, दिवसा गाढ झोपते. गुंगीतल्या मुलाला दुचाकीवर नेऊ नये. मोटारीत मान पुढे झुकली तर श्वासमार्ग दबतो, म्हणून चालकाखेरीज एक मोठे माणूस त्याच्याशेजारी हवे. शांत जागी सोडल्यावरही मूल आपणहून जागे राहत असेल तरच घरी पाठवावे.

समाधान मोजायला आठ प्रश्नांची सीएसक्यू-८ प्रश्नावली (गुण ८ ते ३२) किंवा पाच पर्यायांची साधी श्रेणी वापरतात. दवाखान्यातच, दंतवैद्यासमोर विचारले तर भिडेपोटी गुण चढे येतात. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारल्यास उलटी, झोप, ताप यांचीही नोंद होते. ‘समाधानी आहात का?’ यापेक्षा ‘पुन्हा हीच पद्धत निवडाल का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. चढे गुण सुरक्षिततेचा पुरावा नव्हेत: जास्त गुंगलेले, निपचित मूल पालकांना ‘छान राहिले’ असेच वाटते, आणि श्वासाचा धोका तेव्हाच अधिक असतो. मिडाझोलामचा परिणाम उतरवणारे फ्लुमाझेनिल, ऑक्सिजन, मुलांच्या मापाचा मास्क आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर खुर्चीजवळ असायलाच हवेत.

अमेरिकेत दवाखान्यांतील बालमृत्यूंनंतर १९८५ मध्ये गुंगीविषयक पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. ब्रिटनमध्ये २००१ अखेर दंतोपचारासाठी पूर्ण भूल फक्त रुग्णालयातच देण्याचा नियम झाला. भारतात संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल महत्त्वाचा: एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. त्यामुळे गुंगी फसल्यास काम थांबवायचे, पुढची तारीख घ्यायची की भूलतज्ज्ञाकडे पूर्ण भूल द्यायची, हे पालकांच्या सहीपूर्वीच संमतिपत्रात लिहिलेले असावे.