एडास कॅलिब्रेशन सुरू करायचंय? मशीनच्या आधी गॅरेजची फरशी बघा

२०२० च्या शेवटी एडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, घेऊन एमजी ग्लॉस्टर आली, २०२१ ला आपल्या चाकणला बनणारी एक्सयूव्ही ७००, मग हॅरियर, सफारी, व्हर्ना, सेल्टॉस, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर होंडा अमेझसारख्या छोट्या सेडानमध्येपण एडास आलं. म्हणजे समोरच्या काचेमागे कॅमेरा, बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमागे रडार, आणि वेळ पडली तर गाडी स्वतः ब्रेक मारते. यातल्या आधीच्या गाड्या आता वॉरंटी संपून बाहेरच्या गॅरेजला यायला लागल्यात, त्यामुळे काच बदलली, बंपर काढला, सस्पेन्शनचं काम केलं की कॅमेरा-रडारची दिशा परत सेट करायची म्हणजे कॅलिब्रेशन करायचं हे काम आपल्याच दारात येणार.

दिशा किती अचूक लागते बघा. कॅमेरा फक्त १ अंश फिरला तर १०० मीटरवर चूक होते पावणेदोन मीटरची. हायवेची एक लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे गाडी अर्धी लेन चुकीचं बघतेय, आणि ताशी १०० च्या स्पीडला ते १०० मीटर साडेतीन सेकंदात संपतात. डोळ्याला १ अंश दिसत पण नाही, म्हणून "काच नीट बसलीय, कॅमेरा परत क्लिपमध्ये टाकला, झालं" असं चालत नाही.

बरेच जण आधी स्कॅनर आणि टार्गेटची (कॅमेरा-रडारसमोर ठेवायच्या खुणांची) फ्रेम घ्यायला धावतात, लाखांत पैसे जातात. माझं मत सरळ आहे, आधी फरशी. आपल्याकडे गॅरेजचा कोबा करताना धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार देतात. आता समजा पुढची चाकं मागच्यापेक्षा १ सेंटीमीटर खाली आहेत आणि टार्गेटचा स्टँड मात्र सपाट जागेवर आहे. २.७ मीटरच्या व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला) हा साधारण ०.२ अंशाचा कल झाला, म्हणजे १०० मीटरवर ३७ सेंटीमीटर, आणि मशीन मात्र "सक्सेसफुल" दाखवणार कारण तिला फरशी वाकडी आहे हे कळायला काही मार्गच नाही. त्यामुळे गवंड्याला बोलवा, लेव्हल पाइपने गाडीची जागा आणि टार्गेटची जागा दोन्ही एका पातळीत करून घ्या. ओळंबा पण ठेवा, कारण गाडीच्या पुढच्या-मागच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर सेंटर लाइन मारायची पद्धत कितीतरी कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये आजही आहे.

दुसरी गोष्ट व्हील अलाइनमेंट, आणि ते चारही चाकांचं. गाडी सरळ कुठे जाणार हे मागची चाकं ठरवतात, त्या दिशेला थ्रस्ट लाइन म्हणतात. मागचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला असेल तर बॉडी एकीकडे तोंड करून असते आणि गाडी जरा तिरकी पुढे जाते, मग बॉडीचा मध्य धरून रडार सेट केलं तर ते रस्त्याच्या कडेला बघत बसणार. म्हणून अलाइनमेंट आधी, कॅलिब्रेशन नंतर. टायरची हवा, पेट्रोल, डिकीतलं सामान हे पण मॅन्युअलप्रमाणे करा, या सगळ्याने गाडीची उंची बदलते.

रडारची गंमत वेगळीच. ७७ गिगाहर्ट्झला लाटेची लांबी ४ मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे रडारसमोरच्या बंपरवर पुट्टीचा थर किंवा अ‍ॅल्युमिनियमचे कण असलेला मेटॅलिक पेंट जास्त झाला तर सिग्नल अडतो, वळतो. डेंटर-पेंटरला हे सांगायलाच हवं, कारण बंपर चकाचक दिसतो आणि रडार आंधळं होतं. टार्गेट म्हणून जो धातूचा तिकोनी खोलगट रिफ्लेक्टर लावतात तो खोलीच्या कोपऱ्यासारखा असतो, एकमेकांना काटकोनात तीन पत्रे, लाट त्यावर आपटून जिथून आली तिकडेच परत जाते. पण तुमचा टूल ट्रॉली, कॉम्प्रेसर, लोखंडी शटर हे पण लाटा परत पाठवतातच! म्हणून समोरची आणि बाजूची जागा मोकळी हवी, किती ते प्रत्येक मॉडेलला वेगळं, त्यामुळे आपल्याकडे नेमक्या कुठल्या गाड्या येतात ते बघून मगच जागा मोजा.

कॅमेऱ्यासाठी उजेड सगळीकडे सारखा पाहिजे, शटरमधून ऊन टार्गेटवर पडलं की काळे-पांढरे चौकोन त्याला ओळखता येत नाहीत. आणि बॅटरीला सपोर्ट चार्जर लावा, इग्निशन बराच वेळ ऑन राहतं, व्होल्टेज पडलं की प्रोसेस मध्येच थांबते.

काही गाड्यांचं कॅलिब्रेशन रस्त्यावर चालवून होतं, काहींना गॅरेजमधलं आणि रस्त्यावरचं दोन्ही करावं लागतं. रस्त्यावरच्यासाठी ठरलेला स्पीड आणि ठळक लेनचे पट्टे लागतात, गावातल्या रस्त्यावर पट्टेच नसतात, म्हणून आपल्या भागातला चांगला मार्किंग असलेला हायवेचा तुकडा आधीच हेरून ठेवा. आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट प्रिंट करून एक कॉपी ग्राहकाला, एक आपल्या फाइलला. आणि जून ते सप्टेंबर गाडी त्याच दिवशी द्यायचं कबूल करू नका, पाऊस जोरात असला की कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत आणि ड्राइव्ह दुसऱ्या दिवसावर जाते.